नागपूरकडचा एक आठवडा : २६ डिसेंबर ते १ जानेवारी



वाढदिवसांबद्दल लिहायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली अडचण येते ती तारखेची. आपल्या जुन्या सभासदांचे शाळा सोडल्याचे दाखले काढून पाहा. कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा, नाहीतर १ जुलैचा. जणू अख्खं गाव एकाच दिवशी जन्माला आलं! कारण सोपं आहे. बापाने पोराला शाळेत आणून उभं केलं, मास्तरांनी त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का ते पाहिलं, आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची एक तारीख टाकून दिली. आईला विचारलं तर ती सांगायची, "पोळ्याच्या करीला झाला, त्या साली लई पाऊस होता." आता त्यावरून तारीख कोण काढणार?

ज्यांची तारीख पक्की आहे आणि ज्यांचं आपल्यावर काही ना काही देणं आहे, अशी माणसं आणि अशा घटना यांची उजळणी करावी म्हणून हा लेख. आठवडा निवडला आहे तो २६ डिसेंबर ते १ जानेवारी हा. हे दिवस आपल्याला ऐन गळिताचे. टोळ्या फडात असतात, काट्यावर ट्रॅक्टरांची रांग असते, आणि ज्याची तोड लांबली तो चिठ्ठीबॉयला रस्त्यात गाठून जाब विचारीत असतो. तिकडे नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा आटोपलेलं असतं, मोर्चेवाले घरी परतलेले असतात आणि आंबिया बहाराची संत्री बाजारात उतरलेली असतात. या सात दिवसांत नागपुरात आणि नागपूरच्या पंचक्रोशीत जे घडलं ते एका ओळीत मांडून पाहिलं, तर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. साधा माणूस सभासद कधी झाला, आणि कशाचा झाला? आपल्या ट्रंकेत शेअरचा दाखला घडी घालून ठेवलेला आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका नाही.

२६ डिसेंबर : एकाच घरातले दोन वाढदिवस

२६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म झाला. हेच आपले बाबा आमटे. घर जमीनदाराचं, वरोऱ्याजवळ गोरजे इथे शेती. शिक्षण नागपुरात झालं, वकिलीची सनदही मिळाली. तरुणपणी बाबांना मोटारीचा शौक, शिकारीचा नाद, आणि इंग्रजी सिनेमांची परीक्षणं लिहायची हौस. हे मुद्दाम सांगतो, कारण मोठ्या माणसांची चरित्रं सांगताना आपण त्यांना पाळण्यातच संत करून टाकतो. बाबा तसे नव्हते.

वरोऱ्याला नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना भंगी कामगारांच्या हालांचा प्रश्न पुढे आला, तेव्हा त्यांनी स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेऊन काम केलं. त्याच काळात पावसात भिजत पडलेला एक महारोगी त्यांच्या दृष्टीस पडला. तुळशीराम त्याचं नाव. हाताची बोटं झडलेली, अंगाला किडे लागलेले. बाबा घाबरून पळाले. ज्या माणसाला कधी कशाची भीती वाटली नव्हती तो पळाला, आणि ही भीती त्यांना पुढे कित्येक दिवस झोपू देईना. मग ते परत फिरले आणि त्याची सेवा केली. नागपूरच्या घुले घराण्यातल्या साधनाताईंशी त्यांचा विवाह १९४६ च्या डिसेंबरात झाला होता. त्या या सगळ्यात खांद्याला खांदा लावून होत्या.

पुढची हकिकत कास्तकाराने नीट ऐकावी अशी आहे. महारोग्यांच्या सेवेसाठी समिती स्थापन झाली आणि सरकारने वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन दिली. जमीन म्हणजे काय, तर नुसता खडक, झुडपं, साप आणि विंचू. बिबट्याही फिरकायचा. पैशाने जमीन घेणारा कोणी असता तर त्याने फुकट दिली तरी नको म्हटलं असतं. १९५१ साली बाबा आणि साधनाताई दोन लहानग्या मुलांना घेऊन तिथे राहायला गेले. जवळ सहा महारोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. विनोबांच्या हस्ते आरंभ झाला, नाव ठेवलं आनंदवन.

आधी काय केलं? विहीर खणली. आपल्यापैकी ज्यांनी खडकात विहीर पाडली आहे त्यांना सांगायला नको. सुरुंग, पहार, घण, वर काढायचा मलबा, आणि तळाशी पाणी लागेल की नाही याचा जीवघेणा घोर. हे सारं ज्यांच्या हातांना पुरती बोटं नव्हती अशा माणसांनी केलं. पाणी लागलं. मग झुडपं तोडून जमीन सारखी केली, भाजीपाला निघाला. पण वरोऱ्याच्या बाजारात तो कोणी घेईना. महारोग्याच्या हाताची भाजी खायची कशी? काही वर्षांनी परदेशातून स्वयंसेवक तरुण-तरुणी आनंदवनात आले, रोग्यांबरोबर राहिले, जेवले, भिंती बांधल्या. ते पाहिल्यावर वरोऱ्याच्या लोकांची भीड चेपली. परक्याने खाल्लं की आपल्याला चालतं, ही आपली जुनी खोड.

बाबांचा कटाक्ष एकच होता. रोग्याला भीक नको, काम हवं. आनंदवनात दवाखाना झाला, शेती झाली, माग आले, शाळा-कॉलेज झालं. पण तिथला माणूस कोणाच्या दयेवर जगतो आहे असं कधी झालं नाही. तो त्या वसाहतीचा कर्ता घटक राहिला. बाबांना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार आणि १९८६ साली पद्मविभूषण मिळालं. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते गेले.

योग असा की त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे यांचाही जन्म २६ डिसेंबरचाच, साल १९४८. नागपुरात डॉक्टरी शिकून ते आणि डॉ. मंदाकिनीताई गडचिरोलीच्या टोकाला भामरागडजवळ हेमलकशाला गेले. १९७३ च्या डिसेंबरात तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. वीज नाही, रस्ता नाही, माडिया गोंडांची भाषा येत नाही अशा ठिकाणी त्यांनी दवाखाना मांडला. दोघांना मिळून २००८ सालचं मॅगसेसे मिळालं.

२७ डिसेंबर : पापळचा पोरगा

दुसऱ्या दिवशी डॉ. पंजाबराव देशमुख. जन्म २७ डिसेंबर १८९८, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या खेड्यात. विदर्भात शेतकऱ्याच्या घरात ज्याची तसबीर लावावी असा हा माणूस, आणि पुष्कळ घरांत ती आहेही. कास्तकाराचा पोरगा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकतो, तिथून विलायतेला जातो, बॅरिस्टर होतो आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन येतो. ती तरी कशावर? तर वेदवाङ्मयातल्या धर्मावर! ज्या काळात शेतकऱ्याच्या पोराने चौथी पास व्हावं आणि औताला जुंपून घ्यावं अशी रीत होती, त्या काळातली ही गोष्ट.

परत आल्यावर त्यांनी वकिली करून माडी बांधली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण अमरावतीत त्यांनी खेड्यातल्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. १९२७ साली अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून सत्याग्रहात उतरले. स्वतः जातीबाहेर लग्न केलं. १९३० नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे होती. सावकारी कर्जाने कास्तकार पिचला होता, मंदीमुळे कापसाचा भाव पडला होता. त्या वेळी कर्जाचा निवाडा लवादाने व्हावा यासाठी ते झटले, आणि १९३३ साली मध्यप्रांतात कर्जलवादाचा कायदा झाला. सावकार आणि कुळ यांना समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम तोडून द्यायची, हप्ते बांधून द्यायचे, अशी ती योजना. आज आपण बँकेची 'एकरकमी तडजोड' म्हणतो, तिचाच हा आजोबा म्हणा ना.

शिवाजी शिक्षण संस्था त्यांनीच उभी केली. नागपूरच्या काँग्रेसनगरातलं शिवाजी सायन्स कॉलेज याच संस्थेचं. आपल्यातल्या काही सभासदांची मुलं तिथे शिकून गेली असतील. स्वातंत्र्यानंतर ते घटना समितीत होते, आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात शेती खात्याचे मंत्री. भाताच्या जपानी पद्धतीचा देशभर प्रसार झाला तो त्यांच्या काळात. रांगेत लावणी, थोडं बी, निगराणी जास्त. भंडाऱ्याकडच्या धानवाल्यांना हे ठाऊक आहे. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज काढला. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. त्याला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते.

आम्हाला यातली भावलेली बाब वेगळीच आहे. हे मंत्री असताना त्यांनी शेतकऱ्याची संघटना पक्षाच्या बाहेर उभी करायचा घाट घातला. कास्तकाराने एक पावती फाडावी आणि 'मी कृषक समाजाचा सभासद' असं म्हणावं, एवढीच कल्पना. व्यापाऱ्यांचा चेंबर असतो, गिरणीवाल्यांचा संघ असतो, वकिलांचा बार असतो; शेतकऱ्याचं काय असतं? तर पारावरच्या गप्पा. ही खंत त्यांना होती. १० एप्रिल १९६५ रोजी ते गेले. चार वर्षांनी, १९६९ साली, अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं आणि त्याला त्यांचं नाव मिळालं. नागपूरचं १९०६ सालचं जुनं शेतकी कॉलेजही त्या विद्यापीठाकडे गेलं. आता २७ डिसेंबरच्या सुमारास अकोला-अमरावतीकडे शेतीची प्रदर्शनं भरत असतात. ज्याचा ऊस तुटून गेला असेल त्याने एकदा चक्कर मारावी. नुसती अवजारं पाहून का होईना, दिवस फुकट जात नाही.

नागपूरची काँग्रेस आणि चार आणे

आता या आठवड्यातली सर्वांत मोठी घटना. पण तिच्याआधी तेरा वर्षं मागे जावं लागतं. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरायची होती. नागपुरात टिळकांचे लोक फार, म्हणून मवाळ मंडळींनी धसका घेतला आणि अधिवेशन सुरतेला हलवलं. व्हायचं ते चुकलं नाही. २७ डिसेंबर १९०७ रोजी सुरतेच्या मांडवात जोडा उडाला, खुर्च्या फेकल्या गेल्या आणि काँग्रेस दुभंगली. म्हणजे हाच आठवडा. नागपूरचं अधिवेशन हुकलं ते असं.

त्याहीआधी १८९१ साली २८ डिसेंबरला नागपुरात काँग्रेस भरली होती. अध्यक्ष मद्रासकडचे आनंदाचार्लू. वकील, जमीनदार, संपादक अशी मंडळी, इंग्रजी भाषणं, सरकारला अर्ज-विनंत्या. तिथे कास्तकाराचं काम काय? तंबूची दोरी ओढायला हवा असेल तर तेवढाच.

मग आलं १९२० साल. अधिवेशन पुन्हा नागपूरला ठरलं. टिळकांनी अध्यक्ष व्हावं अशी इथल्या मंडळींची इच्छा, पण १ ऑगस्टला टिळक गेले. डॉ. मुंजे यांनी पाँडिचेरीच्या अरविंद घोषांना गळ घातली, त्यांनी नकार कळवला. शेवटी सेलमचे विजयराघवाचार्य अध्यक्ष झाले. स्वागताध्यक्ष होते वर्ध्याचे जमनालाल बजाज. २६ डिसेंबरला अधिवेशन सुरू झालं. चौदा हजारांवर प्रतिनिधी आले. तोवर एवढी मोठी काँग्रेस कोणी पाहिली नव्हती. चौदा हजार माणसांचं राहणं, जेवणखाण, पाणी, संडास हे डिसेंबरच्या थंडीत सांभाळायचं म्हणजे थट्टा नव्हे. आपण वार्षिक सभेच्या जेवणात हजार पानांना मेटाकुटीला येतो!

असहकाराचा ठराव इथे पक्का झाला. सप्टेंबरात कलकत्त्याला या ठरावाच्या विरोधात उभे राहिलेले चित्तरंजन दास यांनीच तो नागपुरात मांडला. बॅरिस्टर जिना विरोधात बोलले, लोकांनी त्यांना बोलू दिलं नाही, आणि त्यानंतर ते काँग्रेसमधून बाहेर पडले. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं.

पण शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेली गोष्ट आमच्या मते ठरावाहून मोठी आहे. नागपुरात काँग्रेसची घटना बदलली. वर्षाला चार आणे भरील तो सभासद. शिकलेला असो वा अंगठेबहाद्दर, बाई असो वा पुरुष. गाव, तालुका, जिल्हा, प्रांत अशा पायरीपायरीच्या कमिट्या. दर ५० हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी. रोजचं काम पाहायला पंधरा जणांची कार्यकारिणी. आणि प्रांत पाडले ते भाषेवर, सरकारी हद्दीवर नव्हे. मराठी मध्यप्रांताचा वेगळा प्रांत झाला, त्याचं ठिकाण नागपूर. वऱ्हाडचा वेगळा. पुढच्या साली एक कोटी सभासद करायचं उद्दिष्ट ठरलं.

चार आणे म्हणजे त्या काळी खेड्यात दिवसाच्या मजुरीच्या घरातली रक्कम. ती गाठीची सोडून द्यायची म्हणजे विचार करून द्यायची. एकदा चार आणे दिले की माणूस विचारतो, "माझ्या पैशाचं काय केलं?" फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल असं कोणी विचारीत नाही. गांधीजी बनिया समाजातले, हे त्यांना पुरतं कळत होतं असं म्हणायला हरकत नाही.

३० डिसेंबर

या तारखेला १८०३ साली सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी केला तो. अंजनगाव सुर्जी म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, पानवेलींसाठी नाव असलेलं गाव. त्याआधी तेरा दिवस नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह करून कटक आणि वऱ्हाडावरचा हक्क सोडला होता. दोन आठवड्यांत दोन मोठी संस्थानं वाकली. शिंदे-भोसल्यांची सैन्यं मोठी होती, एकमेकांवर भरवसा नव्हता. एवढं सांगून पुढे जाऊ.

वर्षअखेर : प्रवरेची पहिली मोळी आणि नागपूरचा विद्यार्थी

१९५० चा डिसेंबर सरता सरता नगर जिल्ह्यात लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं. रोजचं ५०० टन गाळपाचं यंत्र. आज तेवढा ऊस एखाद्या मोठ्या कारखान्याच्या गव्हाणीला दुपारच्या चहापर्यंत पुरत नाही. पण शेतकऱ्यांनी स्वतः शेअर घेऊन उभारलेला आणि पुढच्या साऱ्या कारखान्यांना कित्ता ठरलेला कारखाना तो हा. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, घरच्या बाईच्या अंगावरचा डाग मोडून लोकांनी शेअरचे पैसे दिले, हे आपण भाषणांतून पुष्कळदा ऐकलं आहे.

लोणी कुठे आणि नागपूर कुठे, असं कोणी म्हणेल. दुवा आहे तो धनंजयराव गाडगीळ यांचा. जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. पण बालपण आणि शाळा नागपूरची. पटवर्धन हायस्कूलचे ते विद्यार्थी. केंब्रिजला शिकून आले, पुण्याला गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली. १९४५ साली बेलापूरला कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. उसाला भाव खाजगी कारखानदार ठरवील तो. त्यावर आपलाच कारखाना काढावा ही दिशा त्या परिषदेतून मिळाली, आणि गाडगीळांसारखा विद्वान शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. प्रवरेचे पहिले अध्यक्ष तेच. ऊस त्यांच्या मालकीचा एक कांडंही नव्हता. सरकारदरबारी शब्द टाकायला, बँकेपुढे आकडे मांडायला, आणि आपसात तट पडले तर कोणाच्याच भावकीतला नसलेला माणूस म्हणून ते हवे होते. मुंबई सरकारात तेव्हा अर्थ आणि सहकार पाहणारे वैकुंठभाई मेहता होते, त्यांचा पाठिंबा मिळाला. पुढे धनंजयराव दिल्लीला नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, १९७१ साली गेले.

इथे आठवड्याच्या चौकटीबाहेर आठ-दहा दिवस पाऊल टाकायची परवानगी घेतो. १९५९ च्या जानेवारीत नागपूरला पुन्हा काँग्रेस भरली, ढेबरभाई अध्यक्ष होते. तिथे ठराव झाला की पुढे गावची शेती संयुक्त सहकारी पद्धतीने व्हावी. मालकी ज्याची त्याची राहील, पण वावरं एकत्र कसायची आणि उत्पन्न वाटून घ्यायचं. नेहरूंचा त्याला पाठिंबा, तर उत्तर प्रदेशचे चौधरी चरणसिंग उघड विरोधात. प्राध्यापक रंगा तर पक्ष सोडूनच गेले. ठराव बहुतांशी कागदावर राहिला. का राहिला? कास्तकार धुऱ्याच्या वितभर जमिनीसाठी सख्ख्या भावाशी कोर्टात जातो, तो नांगर दुसऱ्याच्या हाती कसा देईल? प्रवरेच्या वाटेने जाणाऱ्यांना हे आधीच उमगलं होतं. वावर ज्याचं त्याचं, मशागत ज्याची त्याची, पण ऊस तुटल्यावर जे एकट्याला जमत नाही ते सगळ्यांनी मिळून. वजन, गाळप, साखर, विक्री, भाव. एवढ्यापुरता एकोपा माणसाला झेपतो.

आणि तोही कायमचा झेपतोच असं नाही, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? विदर्भात सहकारी साखर कारखाने उभे राहिले, त्यांतले बहुतेक आज सहकारात उरलेले नाहीत. काही बंद पडले, काही विकले गेले, काही भाड्याने गेले. ऊस पुरेसा नव्हता, हे खरं. पाणी नव्हतं, लांबून ऊस आणायला वाहतूक परवडत नव्हती, कर्जं फार झाली, हेही खरं. पण एक कारण सभासदांच्या घरात सापडतं. दाखला बापाच्या नावाचा, बाप जाऊन पंधरा वर्षं झाली, वारसनोंद नाही. वार्षिक अहवाल घरी येतो तो पोरांच्या वह्यांना पुठ्ठे घालायला. सभेला कोरम नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच मांडवात तीच सभा आणि 'मंजूर, मंजूर'. पलीकडच्या खाजगी कारखान्याने टनामागे पन्नास-शंभर जास्त दिले की ऊस तिकडे, आणि इकडे 'कारखाना आपला आहे' ही घोषणा. जो माणूस फक्त भाव विचारतो तो पुरवठादार. ताळेबंद विचारतो तो सभासद. कारखाना विकायला निघाला त्या दिवशी आपण मालक होतो हे आठवून उपयोग झाला नाही, असं त्या भागांतले लोक सांगतात. चेअरमन-संचालकांना हे वाचून राग येणार नाही अशी आशा आहे. आणि आला तरी सभेत बोलावं, आम्ही ऐकायला येऊ.

१ जानेवारी : एम्प्रेस मिल

आठवड्याची अखेर नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेने. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव एम्प्रेस. गिरणी काढायची तर मुंबईत, अशी तेव्हाची चाल. जमशेटजींनी हिशेब उलटा मांडला. कापूस वऱ्हाड-नागपुरात पिकतो, रेल्वे १८६७ पासून नागपूरला आलेली आहे, कोळसा वरोऱ्याकडे निघतो. मग गाठी मुंबईला नेऊन कापड परत इकडे का आणायचं?

जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढायला सुरुवात झाली तेव्हा पैशाला भांडवल कमी पडू लागलं. इथल्या एका सावकाराकडे गेले तर तो म्हणे हसला, की हा माणूस सोनं चिखलात पुरतो आहे. पुढे गिरणीने नफा काढला तेव्हा त्याच सावकाराने कबूल केलं म्हणतात, की मी चुकलो, यांनी माती टाकून सोनं काढलं. गिरणीचा कारभार पाहायला बेझनजी मेहता हे रेल्वेच्या माल खात्यातले गृहस्थ आणले. कापडातलं त्यांना काही कळत नव्हतं. पण माणसं आणि वेळ कशी सांभाळायची ते कळत होतं. सुरुवातीची यंत्रं सुमार निघाली, ती बदलली. कामगारांसाठी पेन्शन फंड आणि अपघातात भरपाई १९२३ चा कायदा येण्याच्या कितीतरी आधी इथे होती. खेड्यात बलुत्यावर राबणाऱ्या महार कुटुंबांना, मोडकळीला आलेल्या मागावरच्या कोष्ट्यांना महिन्याच्या महिन्याला रोख पगार मिळू लागला. नागपूरच्या कितीतरी वस्त्या गिरणीच्या भोंग्यावर उठत होत्या आणि भोंग्यावर जेवत होत्या.

गिरणी चांगल्या मालकाची होती, यात वाद नाही. कंपनीत भागधारक होते, त्यांना लाभांश मिळाला. फक्त ज्याच्या वावरातून सरकी निघाली तो कास्तकार त्या वहीत कुठे नव्हता. तो बंडी घेऊन जिनिंगच्या फाटकाशी उभा राहायचा, दलाल रुमालाखाली हात घालून भाव ठरवायचा, आणि तो पैसे मोजून घरी यायचा. शंभर वर्षं हे असंच चाललं. १९८६ साली टाटांनी गिरणी बंद केली, राज्य सरकारच्या कापड महामंडळाने ती चालवायला घेतली, आणि २००२ साली ती कायमची थांबली. त्या जागेवर आता एम्प्रेस सिटी नावाचा मॉल आहे. नागपूरला कामाला गेलेले सभासद तिथे सरकता जिना पाहायला गेले असतील. गेलात तर जवळचा गांधीसागर जरूर पाहा. जुम्मा तलाव म्हणतात तो तोच.

जाता जाता एक विनंती. ज्या सभासदांच्या गावी एखादी जुनी तारीख लोकांच्या स्मरणात आहे, मग ती पहिल्या शाळेची असो, पाझर तलावाची असो, विजेच्या पहिल्या पंपाची असो वा गावातून कारखान्याला गेलेल्या पहिल्या बंडीची, त्यांनी ती साध्या कागदावर लिहून आपल्या गटकार्यालयात शेतकी कर्मचाऱ्याकडे द्यावी. गावचं नाव व लिहिणाराचा सभासद क्रमांक लिहायला विसरू नये. आणि हो, ज्यांच्या घरी शेअरची वारसनोंद राहिली आहे त्यांनी त्याच फेरीत शेअर विभागात तोही अर्ज देऊन टाकावा. मृत्यूचा दाखला आणि मूळ शेअर सर्टिफिकेट सोबत न्यावं.